याकोबमामा आणि पट्टीचे बूट

आईवडील सोडले तर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार याकोब सातपुते यांचे आहेत. सगळा दवाखाना त्यांना याकोबमामा म्हणायचा. सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या मिशनच्या दवाखान्यात ते प्लास्टर घालायचे. हात मोडला, पाय मोडला, कंबर धरली, कुणीही आलं की डॉक्टर तपासायचे आणि शेवटी म्हणायचे, "मामांकडं जा."

मी वडूजचा. वडील गवंडी, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणारी. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. बारावीनंतर नर्सिंगला आलो, चार वर्षं त्याच दवाखान्याच्या वसतिगृहात राहिलो, आणि आता साताऱ्याच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या विभागात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे. पदवीचा कागद कॉलेजनं दिला. पण त्या कागदाच्या मागं जो माणूस उभा राहिला, तो मामांनी घडवला, असं मी मनापासून मानतो.

आमच्या वडूजकडच्या मंडळीत, म्हणजे आमच्या मोजक्या ख्रिस्ती घरांत, देवाबद्दल एकच गोष्ट मला लहानपणापासून पक्की ठाऊक होती. देव काठी घेऊन बसलाय. शेळी मेली, देवानं काठी उगारली. वाऱ्यानं पत्रा उडाला, देवानं काठी उगारली. चुलतीला मोतीबिंदू झाला तेव्हा सुद्धा घरात दोन दिवस चर्चा होती की तिच्या हातून काय चुकलं असेल. हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. भक्तिभावानंच बोलायची. पण त्यामुळं मी प्रार्थना करायचो ती सुद्धा जरा अंग चोरून. मामांनी ती काठी माझ्या डोळ्यांसमोरून काढून घेतली. त्यासाठी त्यांनी मला एकही प्रवचन दिलं नाही. कोमट पाण्याची एक बादली आणि लहान लेकरांचे पाय, एवढ्यावर भागलं.

मामा बुटके आणि रुंद होते. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळं दोन्ही कान चुरगळलेले. कोपरापर्यंत कायम पांढरी पूड, आणि भुवयांवरही. ते पन्नाशीत होते तेव्हाच नवे पेशंट त्यांना सत्तरीचे समजायचे. त्यांच्या घरी गेलं की रत्नामामी तक्रार करायच्या, "ह्यांच्या अंगावरचं झाडलं तर आणखी एक पाय बांधून हुईल." आपल्या नावाचा मामांना भारी अभिमान. "माझ्या नावाचा गडी शास्त्रात देवाशी कुस्ती खेळला," ते सांगायचे. "हरला न्हाई म्हणत्यात. पर घरी गेला तो लंगडत. देवाला कुस्ती येती, वडूजकर, एवढं ध्यानात ठेव." मला ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत वडूजकरच म्हणत आले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मंगळवार हा वाकड्या पायांचा वार. काही बाळं जन्मतःच पाऊल आत वळलेलं घेऊन येतात. तळवा आकाशाकडं, टाच वर ओढलेली. दर आठवड्याला ते पाऊल हातानं थोडंसं सरळीकडं आणायचं आणि तसंच धरून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्याला ते भिजवून काढायचं, आणखी थोडं आणायचं, पुन्हा प्लास्टर. असं करत पाऊल सरळ होतं. पण काम तिथं संपत नाही. मग पट्टीचे बूट येतात. दोन चिमुकले बूट आणि त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, आणि नंतर काही वर्षं रोज झोपताना. बूट सुटले की पाऊल हळूहळू परत आत वळतं.

माझी पहिली पाळी लागली तेव्हा मामांनी मला एका बाळाचा गुडघा धरायला सांगितला. बाळानं असा टाहो फोडला की माझे हात आपोआप सुटले. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"सोडलास? बरं केलंस," मामा म्हणाले. "आता परत धर."

"मामा, त्याला दुखतंय."

"दुखत न्हाई, त्याला आवडत न्हाई. दोन्हींत फरक हाय. दुखलं की रडणं वरच्या सुरात जातं, तवा मी सोडतो. ऐकत राहा, कळंल तुला." मग माझ्या हातावर आपला हात ठेवून म्हणाले, "तुझा हात घाबरलाय. घाबरलेला हात एकतर सोडून देतो, न्हाईतर आवळतो. लेकराला ह्यातलं काईच नको असतं."

मी तेव्हा, हे काम आपल्याला जमणार नाही असं वाटून, वसतिगृहातून बोचकं बांधून घरी जायच्या बेतात होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारनंतर मी बोचक्याचा विचार केला नाही.

प्रत्येक प्लास्टरच्या आधी ते पाण्यात कोपर बुडवून बघायचे, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखं. मग प्रार्थना करायचे. ती एका श्वासात संपायची. "बापा, हात तुझा, पाय तुझा, मी मधी उगाच." आणि डोळे सताड उघडे.

"मामा, डोळे न मिटता?" मी एकदा विचारलं.

"मिटलं तर पाय निसटतो. आन् देवाला काय माझी पापणी बघायचीय?"

प्लास्टर वाळलं की खिशातली निळी पेन्सिल काढून त्यावर चित्र काढायचे. लेकरानं मागितलेलं काहीही असो, त्याची म्हैस व्हायची. सशाची म्हैस, मोराची म्हैस. एका शिकलेल्या बापानं अगदी अदबीनं विचारलं, "मामा, हा हत्ती का?" मामा चित्राकडं बराच वेळ बघून म्हणाले, "व्हय, हत्तीच. पर म्हशीच्या वळणावर गेलाय."

दुसऱ्याला वळण लावणारा माणूस स्वतः वळण लावून घेताना कसा वागतो, ते मला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दिसलं. मामांना गाण्याची भयंकर आवड आणि सुराशी कायमचं वैर. रविवारी ते गायनमंडळाच्या पहिल्या ओळीत उभे राहायचे. गायनमंडळ बसवायला एक नवीन मुलगी आली, प्रिसिला नावाची. तिच्या लहानपणी मोडलेल्या हाताला मामांनीच प्लास्टर घातलं होतं. नाताळच्या तालमीत तिनं पेटी थांबवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही मागच्या ओळीत या. आणि ओठ हलवा, आवाज नको."

हे मामांना आजवर कुणीच बोललं नव्हतं. मामांचे कान लाल झाले. ते मागच्या ओळीत गेले आणि पूर्ण तालीमभर इमानदारीनं ओठ हलवत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरीचा हात बरोबर जुळलाय बघ. पेटी किती साफ वाजवती." थोडं चालून गेल्यावर पुन्हा, "एवढी वरसं सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं. खरं सांगण्याइतकी माया एकीलाच आली." असं म्हणून ते खो खो हसले. पण त्यानंतर आठवडाभर ते प्लास्टर घालताना गुणगुणले नाहीत, हेही मला आठवतं. लागलं होतं त्यांना. लागलं म्हणून त्यांनी ते तिच्यावर उलटवलं नाही, एवढंच.

मामांचा जीव नकोसा करणारी एकच गोष्ट होती. बूट न घालणं. लेकरू बुटांना रडतं, घरात आजी असते, आजीला रडणं सोसवत नाही, आणि रात्री कुणीतरी हळूच बूट काढून ठेवतं. कुणी वैरी नव्हे, जीव लावणारंच माणूस काढतं. मग तपासायच्या दिवशी स्टँडवर उतरल्यावर, दवाखान्यात शिरायच्या आधी, बाकड्यावर बसून लेकराला बूट चढवायचे. मामा बुटाचा वास घ्यायचे, पट्टा वाकवून बघायचे, लेकराच्या पायावर पट्ट्याचा वळ आहे का ते चाचपायचे.

"ह्ये बूट कुठं घातलं?"

"घरीच की मामा. रोज घालतोय."

"आवं, बुटाला स्टँडवरच्या भज्यांचा वास येतोय."

बाई लाजून हसायची आणि खरं सांगायची. बहुतेक वेळा हे असंच हसण्यावारी जायचं. एका मंगळवारी मात्र गेलं नाही.

सुनंदा नावाची मुलगी जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून यायची. नवरा पुण्याकडं कंपनीत, घरी सासरे. तिची करुणा म्हणजे त्या वेळी वर्षाचंही नसेल असं गुटगुटीत लेकरू. तिचं उजवं पाऊल मामांनी आठवड्यांमागून आठवडे घालून इतकं सुरेख सरळ केलं होतं की डॉक्टर विद्यार्थ्यांना बोलावून दाखवायचे. बूट देऊन दोन महिने झाले आणि सुनंदा आली तेव्हा पाऊल पुन्हा आत वळायला लागलेलं. बूट पिशवीतून काढले तर कोरे करकरीत.

त्या दिवशी गर्दी फार होती. मामांच्या पाठीचा मणका दुखत होता. ही कारणं मी सांगतोय, मामांनी कधी सांगितली नाहीत. बूट हातात धरून ते सगळ्या बायांसमोर मोठ्यानं म्हणाले, "पोरी, तुला लेकराची माया न्हाई. माया असती तर ही येळ आणली नसतीस."

सुनंदानं करुणाला उचललं, बूट तिथंच राहिले, आणि ती निघून गेली. पुढच्या मंगळवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिचा फोन लागायचा नाही. आणि मामा दर मंगळवारी दाराकडं बघायचे. लहान लेकराचं हाड म्हणजे ओल्या मातीसारखं, पण ती ओल कायम राहत नाही. जितका उशीर, तितकं अवघड. करुणा चालायला लागायच्या वयाची होती. वळलेल्या पावलावर चालायला लागली तर पुढं ऑपरेशनवाचून इलाज नव्हता, आणि ते सुद्धा पूर्ण जमेलच असं नव्हतं. खोलीत आम्हा दोघांनाही हे माहीत होतं, म्हणून आम्ही त्यावर बोलायचं टाळायचो.

एका सकाळी मामा आले ते हसत, पण जरा ओशाळं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काल देवानं माझा कान धरला."

"कसा?"

"तुझ्या मामीला सगळं सांगितलं. म्हणलं, ती पोरगी हट्टी, तिचा सासरा हट्टी, माझी काय चूक. मामी भाकरी थापत हुती. मान वर न करता म्हणली, पायाला कवा जोर लावत न्हाई तुमी, मग जिभेला कशापायी लावला?" मामांनी आपला चुरगळलेला कान चोळला. "देव लय हुशार हाय, वडूजकर. मला बोलायचं असलं की बायकोच्या तोंडानं बोलतो. उलटून बोलायची सोयच ठेवत न्हाई."

रविवारी उपासनेनंतर आम्ही जतची एसटी धरली. मामांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत ते बूट. जत सोडल्यावर पुढं वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपमध्ये आमच्या पायाशी एका धनगराचं कोकरू होतं. मामांनी सवयीनं त्याचे चारी पाय दाबून बघितले. धनगर म्हणाला, "काय बघतासा?" मामा म्हणाले, "काई न्हाई. सरळ हायती."

वस्तीवर पाण्याचा टँकर आला होता आणि सुनंदा घागरी घेऊन रांगेत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा कडक झाला. मला वाटलं, मामा तिला बाजूला बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. रांगेतल्या सगळ्या बाया ऐकत असताना ते म्हणाले, "सुनंदा, मी त्या दिवशी सगळ्यांदेखत तुला नको ते बोललो. ते खोटं हुतं. माझी चूक झाली. मला माफ कर."

सुनंदा गोंधळली. घागर खाली ठेवून म्हणाली, "आवं मामा, असं काय करतासा? लोकं बघायल्यात."

"बघू द्यात. बोललो तवाबी बघत हुती."

एका म्हातारीनं विचारलं, "कोन गं ह्यो?" दुसरी म्हणाली, "दवाखान्यातला डॉक्टर हाय." मामा तिच्याकडं वळून म्हणाले, "डॉक्टर न्हाई, प्लास्टरवाला." एवढ्यात सुनंदा हसली, आणि आमची घागर पुढं सरकली, असं म्हणायला हरकत नाही.

घरात तिचे सासरे बसले होते. शिमोनआबा. उंच, वाळलेले, पांढरीशुभ्र टोपी. गावातल्या चार ख्रिस्ती घरांत दर रविवारी वचन तेच सांगायचे. करुणा त्यांच्या धोतराला धरून उभी राहायची धडपड करत होती. उजवं पाऊल आत. आबांनी आम्हाला पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला आणि मग शांतपणे म्हणाले, "बूट मीच काढायला लावलं. सुनंदाला बोलू नका."

"का वं आबा?"

"देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तो ताडन करतो, हे वचन तुमी जाणता. आमच्या घरावर हे ताडन आलंय. माझ्यापायी आलंय. ते सोसायचं सोडून त्याच्या हाताला आडवं जायचं?"

मग हळूहळू निघालं. काही वर्षांपूर्वी प्रार्थनामंदिराची किल्ली कुणाकडं राहावी, यावरून आबांचं मंडळीशी भांडण झालं होतं. आबांनी किल्ली कनवटीला लावली आणि ऐन नाताळात मंदिर उघडलं नाही. लोकांनी कुलपासमोर अंगणात उभं राहून गाणी म्हटली. आबा घरात बसून ती ऐकत होते. पुढं भांडण मिटलं, किल्ली दिली, पण मनातून ते गेलं नाही. आणि मग ही नात झाली, वळलेलं पाऊल घेऊन. सांगता सांगता तो ताठ म्हातारा एकदम वाकला. "माझं पाप हिच्या पायात उतरलं," ते म्हणाले.

मला वाटलं मी वडूजलाच बसलोय. तीच काठी, तोच टपून बसलेला देव. मी मामांकडं बघितलं.

मामा उठून आबांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. खांद्याला खांदा लावून. "आबा," ते म्हणाले, "किल्लीबद्दल देवाला तुमच्याशी बोलायचं असतं तर त्यानं तुमचा कान धरला असता. चार दिसाच्या लेकराचा पाय कशाला धरील? आपल्या बापाला तुमी एवढं बी वळखत न्हाई व्हय?"

आबांनी करुणाच्या वळलेल्या पावलावरून हात फिरवला.

"तुमचा कान त्यानं त्याच नाताळला धरलाय. भायेर गाणी चाललेली आन् तुमी आत बसलेले. ते दुखलं का न्हाई?"

"लय दुखलं," आबा म्हणाले.

"दुखलं, म्हणून किल्ली परत दिलीसा. झालं की. तेवढंच काम हुतं त्याचं. मलाबी आत्ताच धरून आणलंय त्यानं, बायकोच्या हातानं." मग मामांनी पिशवीतून बूट काढले आणि आबांच्या मांडीवर ठेवले. "वाकडा पाय हे ताडन न्हाई, आबा. ताडन हे. हे बूट. वाकडं झालेलं सरळ करतं ते. रोज झोपताना घालायचं, लेकरू रडलं तरी काढायचं न्हाई. पर जवळ बसायचं. बूट घालून निघून जाणारा देव न्हाई आपला. रडणं थांबस्तवर उशाला बसतो तो."

करुणानं आजोबांच्या मांडीवरचा एक बूट ओढून घेतला आणि चावायला सुरुवात केली. आबांनी तो तिच्या तोंडातून सोडवला, आपल्या धोतरानं पुसला आणि पट्टा कसा लागतो ते उलटसुलट करून बघायला लागले.

"आबा, आधी परत प्लास्टर लागंल," मामा म्हणाले. "पहिल्यापासनं."

"मंगळवारीच ना?" आबांनी विचारलं.

परत येताना एसटीत मामा झोपले नाहीत. मी म्हणालो, "मामा, तुम्ही पाळक व्हायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "गप. मी गेलो हुतो माफी मागाय. बाकीचं आपोआप निघालं तोंडातनं." आणि थोड्या वेळानं, "मणेराजुरी आली का बघ. हितं द्राक्षं चांगली मिळत्यात. मामीला न्ह्यायला पायजेत, कान धरला तिनं."

मंगळवारी तिघं आली. आबा टोपी घालून, करुणाला कडेवर घेऊन, सुनंदा मागं. भरल्या खोलीत मामांनी सगळ्या आयांना सांगितलं, "ह्याच पोरीला मी मागं बोललो हुतो. ज्यांनी ऐकलं त्यांनी हेबी ऐका. चूक माझी हुती." सुनंदानं डोक्यावरचा पदर पुढं ओढून हसू लपवलं. प्लास्टर घालताना करुणाचा गुडघा मी धरला. ती रडली. मी ऐकत होतो. आवाज वरच्या सुरात गेला नाही. प्लास्टर वाळल्यावर आबांनी विचारलं, "हे काय काढलं?" मामा म्हणाले, "कोकरू." आबा भल्या मनाचे. म्हणाले, "दुभतं दिसतंय."

माझी पदवी झाली, मी साताऱ्याला आलो. मामा निवृत्त झाले. मधूनमधून मी त्यांच्याकडं जातो. आजही माझ्या हाताखाली एखादं बाळ रडायला लागलं की मी ऐकतो, आणि तोंडातल्या तोंडात म्हणतो, हात तुझा, पाय तुझा. देवासमोर अंग चोरायची माझी सवय कधी गेली ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण आता आयुष्यात काही दुखलं, तर आधी मी हे बघतो की हे नुसतं मोडलेलं आहे की कुणी सरळ करतंय. मोडलेलं असेल तर रडतो आणि मदत मागतो. सरळ करत असेल तरी रडतोच. पण सुटायची धडपड करत नाही. एवढं तरी करत नाही.

मागच्या महिन्यात त्यांना बघितलं तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते आणि उजवा हात प्लास्टरमध्ये होता. पेरूच्या झाडावर चढले होते. का चढले, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मामींनी सांगितलं, "पेरूसाठी. आन् कशाला?" मनगट मोडलं होतं. सूज उतरावी म्हणून बोटं सारखी हलवायची होती. मी फाटक उघडून आत गेलो तर मामा मोठ्या तत्परतेनं बोटं हलवत होते.

"बघ वडूजकर, दिसभर हेच करतोय."

मामी आतून म्हणाल्या, "फाटक वाजलं की हलवत्यात. गेला माणूस की बंद."

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघंही एकदम हसलो. इतक्या वर्षांत त्यांनी किती लेकरांच्या बुटांचा वास घेतला असेल. मी त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "चला, माझ्यासमोर. सगळी बोटं, पूर्ण मिटून."

"लय दुखतंय रं."

"दुखतंय की आवडत नाही?"

"दोन्ही," मामा म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, ओठांवर हसू होतं. मी उठलो नाही. ते बोटं मिटत होते, उघडत होते. शेवटी मी त्यांच्याच टेबलावरची निळी पेन्सिल घेतली आणि प्लास्टरवर एक चित्र काढलं. मला चित्रकला बरी येते, पण मी म्हैसच काढली.

साताऱ्याला परत आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांच्याकडं बटणांचा फोन आहे आणि त्यावर त्यांना नीट ऐकूही येत नाही. ते पत्र असं:

प्रिय मामा,

सलाम. मामींनाही सलाम सांगा.

परवा सुनंदाताईंनी मला मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ पाठवला. तुमच्या फोनवर तो दिसणार नाही, म्हणून त्यात काय आहे ते लिहून पाठवतो.

आपली करुणा आता शाळेत जाते. तिचे बूट सुटले. रोज झोपताना आबाच तिला बूट घालायचे आणि ती झोपेपर्यंत उशाला बसायचे. त्यांनी एकही दिवस चुकवला नाही, असं ताई सांगतात. आता दोन्ही पावलं सारखी आहेत. डाव्या-उजव्यात फरक ओळखता येत नाही. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला.

पण तिनं बूट टाकून दिलेले नाहीत. व्हिडिओत ती ओट्यावर बसली आहे आणि तिच्या कापडी बाहुलीला तेच पट्टीचे बूट घालते आहे. बाहुलीचा पाय लटपटतो, तरी पट्टा ओढून बसवते. मग बाहुलीच्या वतीनं स्वतःच रडते, अगदी खरोखरीचं. आणि मग आवाज बदलून तिला म्हणते, "रड तू. पर बूट निघायचं न्हाईत. मी बसलीया हितं."

आणि ती खरंच बसते, मामा. मांडी घालून, बाहुलीच्या उशाला. मागं आबांचा खोकला ऐकू येतो. पुढं काहीच होत नाही. ती नुसती बसून राहते, आणि व्हिडिओ संपतो.

तुम्ही शिकवलेलं कुठवर गेलं, ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं. माझे आभार वेगळे मानत बसत नाही, ते लिहून होणार नाहीत.

पुढच्या रविवारी येतो. तोवर बोटं हलवा. फाटक वाजायची वाट बघू नका.

तुमचा,
वडूजकर